ओढ आणि गोडी

दिवाळीनंतरचा आठवडा. जेवण झालंय, पोट भरलंय, तरी हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. पहिली मूठ खमंग लागते. चौथ्या मुठीपर्यंत चव धड कळतही नाही, तळाचा तिखटमिठाचा चुरा बोटांना चिकटतो, पण हात काही थांबत नाही. "एवढा आवडतो का रे चिवडा?" असं घरात कुणीतरी विचारतं. खरं तर चौथ्या मुठीत आवड उरलेलीच नसते. उरलेली असते ती ओढ.

ओढ म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्याकडे खेचलं जाणं. गोडी म्हणजे ती मिळाल्यावर होणारं सुख. बहुतेक वेळा दोन्ही जोडीनं येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. शास्त्रज्ञांचीही बरीच वर्षं हीच समजूत होती. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळायचा, आणि उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहायचे. निष्कर्ष सरळ वाटला: हे मेंदूतलं सुखाचं केंद्र. पुढे त्या वाटेवरचं रसायन डोपामिन आहे असं कळलं आणि त्याला 'आनंदाचं रसायन' हे नाव चिकटलं. आजही आरोग्य पुरवण्यांमध्ये ते तसंच छापून येतं, आणि ते चूक आहे.

ही चूक उघडी पडली ती उंदरांच्या तोंडांमुळे. जिभेवर साखरेचं पाणी पडलं की उंदीर ओठ चाटतो, कडू पडलं की जबडा वासून ते बाहेर टाकतो. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही अगदी हेच दिसतं. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेलं होतं, त्यांना साखरपाणी पाजून पाहिलं. हे उंदीर समोर अन्न असूनही खायला हलत नसत, उपाशी मेले असते. पण थेंब जिभेवर पडताच त्यांनी नेहमीसारखेच ओठ चाटले. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ.

म्हणजे डोपामिनचं मुख्य काम ओढ लावण्याचं. गोडीची ठिकाणं वेगळी आणि फार लहान आहेत. उंदराच्या मेंदूत त्यातलं एकेक जेमतेम घन मिलिमीटरभर भरतं, आणि तिथं अफूसारखं काम करणारी शरीराची स्वतःची रसायनं चालतात. ओढीचं जाळं मोठं आणि दणकट, गोडीचं नाजूक. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो आणि पोट भरल्यावर पेढाही नकोसा होतो, इतकी गोडी शरीराच्या स्थितीप्रमाणे बदलते. ओढीला मात्र नुसती खूणही पुरते. डब्याच्या झाकणाचा आवाज, फोनची टिंग. म्हणून रात्री साडेअकराला आपण रील्स वर सरकवत राहतो आणि त्यातलं एकही धड आवडलेलं नसतं.

बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये व्यसनाचाही असाच उलगडा मांडला. नशेनं ओढीची यंत्रणा अधिकाधिक हळवी होत जाते, गोडी मात्र वाढत नाही, उलट घटूही शकते. "आता मजा येत नाही, पण सुटतही नाही," हे व्यसनी माणसाचं बोलणं ढोंग नसतं. कंपवातावरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्या डोपामिनसारखं काम करतात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. घरच्यांनी त्याला म्हातारचळ म्हणू नये, लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये.

याच्या उलटी बाजू मी घरात पाहिली. माझी मावशी नैराश्यात होती तेव्हा भजनाला जायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायची. "एवढी आवड होती, आता आळस भरलाय," असं घरातले बोलायचे. मीही बोललो होतो, त्याचं आजही वाईट वाटतं. एका गुरुवारी शेजारच्या काकूंनी हाताला धरूनच नेलं. तासभर ती गप्प बसली होती. मग टाळ हातात आले आणि अभंगाच्या दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज लागला. घरी आल्यावर म्हणाली, "बरं वाटलं." पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, भिंतीकडे तोंड.

तेव्हा मला वाटलं, उपयोग काय झाला? आज कळतं की तिची गोडी थोडीफार जागी होती, उठवणारी ओढ तेवढी मिटली होती. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, कुणाकुणाची गोडीही विझते, आणि दोन्हींसाठी उपचार लागतातच. पण नैराश्यावरच्या उपचारांत एक पद्धत नेमकी इथूनच सुरू होते: इच्छा होण्याची वाट न पाहता वेळ ठरवून छोटी कामं करायची, आणि केल्यावर कसं वाटलं ते वहीत लिहायचं. मावशीला "जावंसं वाटतंय का?" असं विचारलं की उत्तर नाहीच यायचं. काकूंनी ते विचारणंच सोडलं. गुरुवारी पाच वाजता त्या दारात चप्पल न काढता उभ्या राहायच्या.