निखळलेला दात : प्रथमोपचार

मार लागून मुळासकट जबड्याबाहेर आलेला दात म्हणजे निखळलेला दात. दंतवैद्यकात या इजेला अ‍ॅव्हल्शन म्हणतात. दाताचा टवका उडणे, दात हलू लागणे, हिरडीत आत दबणे या वेगळ्या इजा असून त्यांचे उपचारही वेगळे आहेत. निखळलेला दात हातात घेतला की अपेक्षेपेक्षा लांब भासतो: तोंडात दिसणारा पांढरा माथा आणि त्याखाली त्याहून लांब, पिवळसर, टोकाकडे निमुळते होत गेलेले मूळ. कायमचा दात असा पडला तर तो जबड्याच्या हाडातल्या त्याच खाचेत परत बसवता येतो आणि वेळेत बसवला तर पुढे अनेक वर्षे टिकू शकतो. हेच ठाऊक नसल्याने दात मैदानातच राहतो, नाहीतर रुमालाच्या गाठीत वाळून दवाखान्यात पोहोचतो.

ही इजा बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दोन दातांना होते. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचे मूळ पुरे व्हायला दहावे वर्ष उजाडते. मधल्या काळात दाताची पकड सैल आणि भोवतालचे हाड लवचीक असते, म्हणून सात ते दहा वयाची मुले यात जास्त सापडतात. कोल्हापुरात मोठ्यांवरही ही वेळ येते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये हेडिंगला दोघे एकदम उडतात आणि एकाचे कोपर दुसऱ्याच्या तोंडावर बसते; तालमीत पट काढताना, म्हणजे पाय धरून ओढताना, समोरच्याचे डोके ओठावर आदळते; हॉकीची काठी वर येते; पावसाळ्यात खड्ड्यात दुचाकी आपटते.

मुळावरचे आवरण

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचे तंतुमय आवरण असते आणि दात त्यात टांगलेला असतो. दात उपसला जातो तेव्हा हे आवरण फाटते; काही भाग खाचेच्या भिंतीला राहतो, काही मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावर दिसणारा ओलसर, तांबूस, सायीसारखा पापुद्रा तो हाच. तो घाण समजून खरवडणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक.

या पापुद्र्यातल्या पेशी रक्तपुरवठा तुटला म्हणून लगेच मरत नाहीत, वाळल्या की मरतात. उघड्यावर कोरड्या पडलेल्या दातावर अर्ध्या तासात बऱ्याच पेशी गेलेल्या असतात आणि ६० मिनिटांनंतर जिवंत अशा धरता येत नाहीत. पेशी जिवंत असतील तर आवरण पुन्हा जुळते. मेल्या असतील तर शरीर त्या मुळाला हाडासारखेच वागवते, थोडे थोडे विरघळवते आणि त्या जागी हाड भरत जाते. मूळ धरू नये, घासू नये, वाळू देऊ नये, साध्या पाण्यात ठेवू नये, हे सगळे नियम याच एका कारणातून आले आहेत.

पहिली पाच मिनिटे

आधी माणूस बघावा, मग दात. शुद्ध हरपली असेल, गुंगी येत असेल, उलट्या होत असतील, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येत असेल किंवा तोंड मिटताना जबडा वाकडा जात असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. दात कुणीतरी दुधात टाकून बरोबर द्यावा. अशा माणसाच्या तोंडात दात बसवण्याचा प्रयत्न करू नये, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

दात सापडतच नसेल तर तो फाटलेल्या ओठात रुतलेला असू शकतो, गिळलेला असू शकतो किंवा निखळलेला नसून हिरडीत पूर्ण आत घुसलेला असू शकतो. त्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वासाला घरघर येत असेल तर छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय घरी जाऊ नये.

दात सापडला की माथ्याला धरून उचलावा. स्वच्छ दिसत असेल तर धूत बसू नये. माती लागली असेल तर माथा चिमटीत धरून मुळावरून दूध किंवा सॅलाइन ओतावे. दोन्ही नसेल तर जखमी माणसाने स्वतःच्या थुंकीने ओला करावा, किंवा नळाच्या बारीक धारेखाली फार तर दहा सेकंद धरावा. तालमीतला दात जरा अवघड असतो. आखाड्याच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते, त्यामुळे ती मुळाला लेपासारखी बसते. ओतलेल्या दुधाने जेवढी निघेल तेवढीच काढावी. उरलेले कण दंतवैद्य सॅलाइनच्या फवाऱ्याने काढतात. कपडा, ब्रश, साबण, डेटॉल, स्पिरिट यांतले काहीही मुळाला लावू नये. हळद, चुना, तंबाखू, मिश्री हेसुद्धा नाही, दाताला नाही आणि खाचेतही नाही.

यानंतरचे काम धाडसाचे वाटते, पण उत्तम उपाय तोच: दात तिथल्या तिथे परत बसवणे. चुळीने तोंडातले रक्त काढावे. दाताची बाहेरची बाजू गुळगुळीत व किंचित फुगीर असते, आतली खोलगट. वरच्या मधल्या दाताचा जो कोपरा शेजारच्या मधल्या दाताला टेकतो तो काटकोनी, बाहेरचा कोपरा गोलसर. यावरून उजवा-डावा ओळखता येतो. मूळ खाचेवर धरून माथ्यावर बोटाने सावकाश दाब द्यावा. दात सरकत आत जातो आणि शेजारच्या दाताच्या पातळीला येऊन थांबतो. मग घडी केलेला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. दात जरा फिरला, थोडा वर राहिला तर बिघडत नाही. दंतवैद्य ४८ तासांपर्यंत तो सरळ करू शकतात. आत जातच नसेल तर जोर लावू नये. खाचेचे हाड मोडलेले असू शकते, किंवा आत रक्ताची गुठळी धरलेली असते. दात काढून दुधात टाकावा.

हिरडीतून रक्त येत राहिले तर रुमालाची घडी दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावी. दर मिनिटाला उचलून बघितले तर रक्त थांबत नाही. गालाबाहेरून कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावता येतो.

दूध आणि इतर पर्याय

दात ठेवायला दूध का, याचे उत्तर दुधाच्या पौष्टिकपणात नाही. दुधातल्या विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता रक्ताच्या जवळपास असते आणि आम्लताही पेशींना मानवते. पाण्यात मीठ-साखर जवळजवळ नसल्याने पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. थुंकी मधली: रक्तापेक्षा बरीच पातळ, वर जंतूंनी भरलेली, म्हणून अर्ध्या-एक तासापुरतीच. साध्या सॅलाइनची तीव्रता योग्य असते, पण त्यात पेशींना जगायला दुसरे काही नसते. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दुधाचे नाव पहिले आहे; त्यानंतर पेशींसाठी बनवलेले हँक्स द्रावण, थुंकी, सॅलाइन असा क्रम येतो. पाणी सगळ्यात शेवटी, पण वाळू देण्यापेक्षा तेही बरे. हँक्स द्रावण कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल या भरवशावर वेळ घालवू नये. मेडिकलमध्ये शिरलाच असाल तर ओआरएसचे पाकीट घ्यावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवलेले ओआरएस चालते.

कोल्हापुरात दुधाची वाण पडत नाही. पाश्चराइज्ड पिशवीतले थंड दूध सर्वांत सोयीचे, कारण थंडाव्याने जंतूंची वाढ मंदावते. स्टीलच्या झाकणाच्या डबीत दात पूर्ण बुडेल एवढे, म्हणजे अर्धा कप दूध पुरते. गाईचे की म्हशीचे, साय काढलेले की न काढलेले, यावर अडून बसू नये. चाचण्या मुख्यतः गाईच्या दुधावर झाल्या असल्या तरी म्हशीच्या दुधाची तीव्रताही रक्ताच्या जवळचीच असते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध प्यायला कितीही नामी असले तरी दातासाठी ते दुसऱ्या पसंतीचे: ते कोमट असते आणि त्यातले जंतू मारलेले नसतात. जवळ तेच असेल तर मात्र तेच घ्यावे. तापवलेले दूध गार करून चालते. साखर घातलेले, मसाला दूध, ताक, लस्सी, दही काहीच चालत नाही. ताकाच्या आंबटपणात पेशी मरतात. शहाळ्याचे पाणीही दुधापेक्षा बरेच आंबट, म्हणून दुधाच्या मागे.

दुधात पेशी काही तास तग धरतात. पण हे तास दात दुधात कधी पडला यावर अवलंबून असतात. वीस मिनिटे मातीत पडून मग दुधात गेलेल्या दाताची वीस मिनिटे भरून निघत नाहीत. काहीच हाताशी नसेल तर डबे झाकायच्या पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये जखमी माणसाचीच थुंकी टाकून दात घट्ट गुंडाळावा. मोठा, शुद्धीवर असलेला माणूस तो गालाच्या आत धरून ठेवू शकतो. लहान मुलाला असे सांगू नये, ते गिळते.

दुधाचा दात

दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही. त्याच्या मुळावर कायमच्या दाताचा अंकुर असतो आणि दाबून बसवताना त्यालाच इजा होते. साधारण सहा वर्षांखालचे मूल असेल तर दात दुधाचाच धरावा: आकाराने छोटा, जास्त पांढरा. सहा ते बारा वयात तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात. करवतीसारखी कड असलेला मोठा दात नव्याने आलेला कायमचा असतो. शंका असेल तर बसवू नये, दुधात टाकून न्यावा. पडलेला दात कौलावर टाकायचा रिवाज आहे आणि त्या सवयीने आजी-आजोबांच्या हातून आठ वर्षांच्या नातवाचा पक्का दातही कौलावर जातो. दुधाचा दात असला तरी मुलाला दाखवून आणणे गरजेचेच, कारण शेजारचे दात किंवा अंकुर दुखावलेला असू शकतो.

कुठे न्यावे

निघण्यापूर्वी फोन करावा. दुपारी बरेच खासगी दवाखाने बंद असतात, रविवारी बहुतेक. शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, दसरा चौकाजवळ आहे. (प्रथमोपचाराच्या पुस्तकातला सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणे, वेगळा; कोल्हापूरकराला हे सांगावे लागते.) जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंत महाविद्यालय आहे. चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते आणि तिथेही दंत महाविद्यालये आहेत. गगनबावडा, राधानगरी, आजरा भागातून शहर गाठेपर्यंत तास सहज उलटतो. तिथे दात जागेवर बसवणे किंवा दुधात टाकणे हेच खरे उपचार ठरतात, गाडीचा वेग नव्हे. अपघात विभागात ओठाचे टाके आधी घेतले जातात आणि दात नातेवाइकाच्या खिशात राहतो. म्हणून खिडकीवरच सांगावे, “पक्का दात पडलाय, अमुक वाजता पडला, दुधात ठेवलाय.” वेळ सांगणे महत्त्वाचे, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात.

तास उलटला म्हणून दात टाकून देऊ नये. असा दात कायमचा जुळत नाही, पण मूळ झिजेपर्यंत काही वर्षे जागा आणि हाड राखतो. वाढत्या वयात तेवढेही मोलाचे. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत, हृदयाच्या गंभीर आजारात किंवा हिरड्या पूर्ण खिळखिळ्या असतील तर दात बसवायचा की नाही हे डॉक्टरांवर सोडावे.

दवाखान्यातले उपचार

दंतवैद्य खाच धुऊन, एक्स-रे काढून दात बसवतात आणि शेजारच्या दातांना ०.४ मिलिमीटरपर्यंतच्या लवचीक तारेने बांधतात. तार दोन आठवडे ठेवतात, खाचेचे हाड मोडले असेल तर चार. तार मुद्दाम लवचीक असते; पक्क्या आवळलेल्या दाताचे मूळ हाडाला चिकटण्याचा धोका वाढतो. प्रतिजैविके देतात, आणि दात मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या लसीची चौकशी होते. तालीम, शेत, मैदान यांतून आलेल्याने ती तारीख स्वतःहून सांगावी.

मूळ पूर्ण झालेल्या दाताचे रूट कॅनल दोन आठवड्यांच्या आत सुरू होते, कारण आतली नस तुटलेली असते आणि कुजू लागली की मूळ आतून-बाहेरून पोखरले जाते. लहान मुलाच्या, टोक अजून उघडे असलेल्या मुळात रक्तवाहिन्या पुन्हा शिरू शकतात, म्हणून तिथे आधी वाट पाहतात. दोन आठवडे मऊ जेवण: भात-आमटी, खिचडी, दुधात भिजवलेली भाकरी. तांबडा-पांढरा रस्सा गार करून चालेल, मटणाचे तुकडे समोरच्या दातांनी तोडणे नको. मऊ ब्रश आणि दिवसातून दोनदा ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ. याच काळात कुस्ती आणि फुटबॉल बंद.

तपासण्या दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष आणि पुढे किमान पाच वर्षे दरवर्षी. दात दुखत नाही म्हणून या तपासण्या चुकवल्या जातात, पण मुळाची झीज न दुखताच होते. दात हाडाला चिकटला असेल तर दंतवैद्याच्या छोट्या आरशाच्या दांडीने टकटक केल्यावर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. वाढत्या मुलात बाकीचे दात जबड्यासोबत खाली सरकतात, हा तिथेच राहतो आणि दर वर्षी थोडा आखूड दिसू लागतो. ही गोष्ट बहुधा शाळेच्या फोटोत आधी लक्षात येते.

हॉकी, कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्यांनी दाताच्या मापाचा माउथगार्ड वापरावा. उकळत्या पाण्यात मऊ करून चावून बसवायचे तयार गार्ड स्वस्त पडतात, पण दंतवैद्याने माप घेऊन केलेला बोलताना सुटत नाही. मुलाचे दात बदलत असतील तर गार्ड दर हंगामाला नवा लागतो.