दुखऱ्या दाढेसाठी नायर कोणते?

‘दातांसाठी नायरला जा’ हा सल्ला मुंबईत सर्रास दिला जातो आणि तो ऐकून मुंबई सेंट्रलला उतरलेला माणूस पुष्कळदा नायर रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात असते ते नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. १९३३ साली सुरू झालेली ही संस्थाही महापालिकेचीच असून ती त्याच परिसरात आहे. पण तिची ओपीडी आणि केसपेपर वेगळे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळही असाच गोंधळ होतो, कारण राज्य शासनाचे दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातच आहे.

गोंधळ केवळ पत्त्याचा असता तर चौकीदाराला विचारून तो मिटला असता. परंतु केईएम किंवा शीवसारख्या सर्वसाधारण रुग्णालयातला दंत विभाग आणि स्वतंत्र दंत महाविद्यालय यांची कामेच वेगळी आहेत. दंत विभाग हा मोठ्या रुग्णालयाचा एक भाग असतो. तिथे मोजकेच दंतवैद्य दाढ काढण्यापासून जबड्याच्या फ्रॅक्चरपर्यंत बहुतेक सगळे पाहतात. दंत महाविद्यालयात मात्र तोंडाच्याच शाखा पाडलेल्या असतात: दातांच्या नसांचे काम एकीकडे, हिरड्यांचे दुसरीकडे, मुलांचे दात, तारा, कवळ्या आणि शस्त्रक्रिया आणखी वेगळीकडे. पदव्युत्तर शिक्षणात अशा एकूण ९ शाखा मानल्या जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी सहसा तपासणी, एक्स-रे आणि कोणत्या शाखेकडे जायचे याची नोंद एवढेच होते. ‘सकाळपासून बसलो आणि नुसता फोटो काढून पाठवले’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तक्रार करणाऱ्याचा त्रास खराच असतो. मात्र विशेष उपचारांची वाट त्या फोटोवरूनच ठरते.

महाविद्यालयात जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: तिथले बरेचसे काम विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्पा शिक्षकाने पाहून मान्य केल्यावरच पुढचा सुरू होतो. पूर्ण कवळीचे उदाहरण घेऊ. पहिल्या खेपेला तोंडाचे ढोबळ माप घेतात. दुसऱ्या खेपेला त्या मापावरून खास बनवलेल्या ट्रेच्या कडेला मऊ केलेला मेणासारखा पदार्थ लावून, गाल आणि ओठ हलवायला सांगून बारीक माप घेतले जाते. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर मिटतो ते ठरवतात. चौथ्या खेपेला गुलाबी मेणात बसवलेले दात लावून आजींच्या हाती आरसा दिला जातो, त्यांना आकडे म्हणायला सांगितले जाते आणि ‘सात’ म्हणताना शीळ वाजली तर दात पुन्हा हलवले जातात. तयार कवळी मिळते ती त्यानंतर, आणि ती टोचते म्हणून घासून घ्यायला आणखी एकदोन फेऱ्या होतात. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या वृद्धेसाठी हे सोपे नाही. तरीही खाजगी दवाखान्याच्या तुलनेत खर्च बराच कमी असतो आणि, माझ्या मते, शिक्षकाच्या नजरेखाली झालेले हे सावकाश काम अनेकदा अधिक काटेकोर असते. तारांचे उपचार तर दीड-दोन वर्षे चालतात. तेवढ्यात उपचार करणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपला तर रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो.

मग दंत विभागाकडे कोणी जावे? ज्याचे दुखणे दातात असले तरी धोका शरीराला आहे, त्याने. हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा किंवा डायलिसिसवर असलेला रुग्ण दाढ काढायला गेला, तर दंतवैद्याला आधी त्याच्या मूळ डॉक्टरांचे मत आणि रक्ताचे अहवाल लागतात. एकाच रुग्णालयात ही देवघेव लवकर होते. (रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये; ती अशी बंद करण्याचा उद्योग फार घरांत चालतो.) दाढेच्या संसर्गाने जबड्याखाली सूज पसरली, ताप आला आणि गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर ओपीडीची वेळही पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, कारण श्वासमार्ग मोकळा ठेवणारे भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग तिथेच असतात.

तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले असेल, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर ती दाखवण्यासाठी दंत महाविद्यालयाची मुखरोग ओपीडी योग्य. गरज वाटल्यास तिथे त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात.

दंत विभागाने महाविद्यालयाकडे पाठवले, तर जुना केसपेपर नव्या खिडकीवर सहसा चालत नाही आणि नवा काढावा लागतो. पण चिठ्ठी, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत असावीत. ‘ती पांढरी, छोटी गोळी’ एवढ्यावरून कोणताही डॉक्टर दाढेला हात लावणार नाही.