विनामोबदला रुग्णसेवा (अमेरिका)

अमेरिकेतील रुग्णालयांनी केलेल्या, पण रुग्णाकडून किंवा विमा कंपनीकडून ज्यांचे पैसे मिळाले नाहीत, अशा उपचारांना विनामोबदला रुग्णसेवा म्हणतात. तिचे दोन भाग असतात : रुग्णाची ऐपत नाही हे मान्य करून सोडून दिलेली रक्कम म्हणजे धर्मादाय उपचार आणि वसुलीची अपेक्षा असूनही हाती न आलेली रक्कम म्हणजे बुडीत येणे. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात सारख्याच परिस्थितीतील दोन रुग्णांपैकी ज्याने उत्पन्नाचे कागद जोडून सवलतीचा अर्ज भरला तो पहिल्या खात्यात जातो आणि ज्याला अर्जाची माहितीच नव्हती तो दुसऱ्या.

१९४६च्या हिल-बर्टन कायद्याने बांधकामासाठी सरकारी अनुदान घेणाऱ्या रुग्णालयांवर काही प्रमाणात मोफत उपचारांची अट घातली. पुढे पैसे नसलेल्या रुग्णांना दुसरीकडे पिटाळण्याचे प्रकार रोखण्यासाठी १९८६ मध्ये ‘एमटाला’ हा कायदा झाला. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मध्यरात्री बेशुद्ध माणूस आणला, तर त्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. त्याच्या खिशात विम्याचे कार्ड आहे का, हा प्रश्न नंतरचा. कायद्याने कर्तव्य लादले, त्याच्या खर्चाची तरतूद मात्र केली नाही.

हा खर्च मोजणे सोपे नाही, कारण रुग्णालयांचे छापील दर प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच जास्त असतात. समजा, १०,००० डॉलरचे बिल थकले आणि त्या रुग्णालयात खर्चाचे दराशी प्रमाण ०.२५ असले, तर खरे नुकसान २,५०० डॉलरचेच. विमा कंपन्या दर घासाघीस करून उतरवतात; विमा नसलेल्याच्या वतीने बोलणारे कोणी नसल्याने छापील दर पुष्कळदा त्याच्याच माथी मारला जाई. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने दराऐवजी खर्चाच्या आधारे काढलेला देशभरातील अशा सेवेचा २०२० सालचा आकडा ४२ अब्ज डॉलरहून अधिक आहे. मेडिकेअर व मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) या योजनांकडून कमी मिळणारी रक्कम त्यात धरलेली नाही.

थकलेली बिले विमाधारकांच्या हप्त्यांतून वसूल होतात, असे राजकीय चर्चेत सर्रास म्हटले जाते. अभ्यासांतून त्याला फारसा आधार मिळत नाही, कारण चढे दर मिळवण्याची ताकद असलेले रुग्णालय ते एरवीही घेतच असते. भार बराचसा रुग्णालयाच्या शिलकीवर आणि सरकारी तिजोरीवर पडतो. गरीब रुग्णांचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांना विशेष अनुदान मिळते.

२०१०च्या आरोग्य कायद्याने ना-नफा रुग्णालयांना लेखी सवलत धोरण सक्तीचे केले. पहिल्या बिलानंतर १२० दिवस कोर्टकचेरीसारखे वसुलीचे कठोर उपाय त्यांना योजता येत नाहीत. त्याच कायद्यातील मेडिकेडचा अधिक गरिबांपर्यंतचा विस्तार २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या मर्जीवर सोडला. ज्या राज्यांनी तो केला तिथे विनामोबदला सेवेचा खर्च ठळकपणे उतरला. टेक्सस व फ्लोरिडा यांनी तो स्वीकारला नाही. दरम्यान, विमा कंपनीने पैसे देण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम वाढत गेल्यामुळे आता बुडीत येण्यांत विमा असलेल्यांची बिलेही मोठ्या प्रमाणावर दिसतात.