प्रकाश-अनुकूलन (आकाशनिरीक्षणानंतरचे)

अंधाराला सरावलेले डोळे लख्ख उजेडात पुन्हा नीट पाहू लागेपर्यंत त्यांच्यात जे बदल घडतात, त्यांना प्रकाश-अनुकूलन म्हणतात. रात्रभर तारे पाहणाऱ्यांना ते चांगलेच जाणवते. अमावस्येच्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड ०.००१ लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे १ लाख लक्स. हा फरक १० कोटी पटींचा झाला.

डोळ्याची बाहुली लहान झाली की डोळा सरावला, ही समजूत अपुरी आहे. अंधारात ७ मिमीपर्यंत रुंदावलेली बाहुली उजेडात २ मिमीपर्यंत आक्रसते, पण त्यामुळे आत शिरणारा प्रकाश जेमतेम १२ पटींनी घटतो. खरे काम डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर चालते. तिथे सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी मंद उजेडासाठी आणि सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी दिवसाच्या व रंगांच्या दृष्टीसाठी असतात. दंडाकार पेशींतल्या ऱ्होडोप्सिन या जांभळट रंगद्रव्याचा रंग प्रकाश पडताच उडतो. फ्रान्झ बोल याने १८७६ साली बेडकाच्या दृष्टिपटलात हे पाहिले. ऱ्होडोप्सिन पुन्हा तयार व्हायला अ जीवनसत्त्वापासून मिळणारे रेटिनल लागते. दृष्टिपटलातले अ जीवनसत्त्व शोधणारे जॉर्ज वाल्ड १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

अंधारात ३० ते ४० मिनिटे काढली की ऱ्होडोप्सिनचा साठा भरतो आणि दंडाकार पेशी एकेका प्रकाशकणाची दखल घेऊ लागतात. अशात कोणी बॅटरीचा झोत तोंडावर मारला, तर त्या सगळ्या एकदम कमाल पातळी गाठतात. त्यापलीकडे कमी-जास्त उजेडातला फरक त्यांना सांगता येत नाही; डोळे दिपतात, पाणी येते, काहींना चक्क शिंका येतात. पाहण्याचे काम मग शंक्वाकार पेशी उचलतात. उजेडामुळे या पेशींतले कॅल्शियम घटते आणि त्यातून त्यांची संवेदनशीलता खाली येते. बहुतेक सुधारणा काही सेकंदांत होते, उरलेली काही मिनिटांत. उलटा प्रवास मात्र अर्ध्या तासाचा, म्हणून निरीक्षणाच्या जागी मोबाइल उघडणाऱ्यावर सगळे खेकसतात, आणि ते रास्तच आहे. लांब तरंगलांबीच्या लाल उजेडाला दंडाकार पेशी फारशा दाद देत नाहीत. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधतात तो त्यासाठीच.

सूर्योदय सहसा त्रास देत नाही. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर पहिल्या संधिप्रकाशापासून सूर्य उगवेपर्यंत साधारण सव्वा तास जातो, तेवढ्यात डोळे आपोआप जुळवून घेतात. या वेळात लाल चादर आधी काळपट दिसते, तर शेजारचे हिरवे गवत तिच्याहून उजळ. शंक्वाकार पेशी कामाला लागल्या की लाल रंग खुलतो. हा बदल १९व्या शतकाच्या आरंभी टिपणाऱ्या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

त्रास होतो तो मध्येच भेटणाऱ्या दिव्यांचा. वांगणीच्या माळावर रात्र काढून अंधारातच कर्जत मार्गावरची लोकल गाठली, की डब्यातल्या नळीदिव्यांखाली डोळे किलकिले करावे लागतात. गाडी चालवणाऱ्याने निघण्याआधी काही मिनिटे साध्या उजेडात थांबावे. समोरून येणाऱ्या हेडलाइटने दिपलेल्या डोळ्यांना रस्त्यावरचा माणूस क्षणभर दिसतच नाही. जागरणाची झोप हा धोका वेगळाच. डोळे चोळून काही साधत नाही. एक डोळा मिटून उजेडात गेले, तर त्या डोळ्याचे अंधार-अनुकूलन बरेचसे टिकते.

प्रखर प्रकाशानंतर दृष्टी किती वेळात पूर्ववत होते, हे नेत्रतज्ज्ञ तपासणीतही पाहतात. डोळ्यात १० सेकंद दिवा धरून नंतर तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगतात. निरोगी डोळ्याला साधारण मिनिटभर पुरते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा विकार असेल, तर बराच जास्त वेळ लागतो.