डिझेल गाडी घ्यायची आहे? आधी रनिंग सांगा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"नवी गाडी डिझेलच घेऊ का?" हा प्रश्न आमच्या धुळ्याच्या गॅरेजवर आता वरचेवर येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे नवे कडक सरकारी नियम, लागू झालं, तेव्हा काही कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिनं बनवणं थांबवलं आणि डिझेलचे दिवस संपले असं पुष्कळांना वाटलं. पण ज्यांचं सुरत, इंदूर, संभाजीनगर असं सारखं जाणं-येणं असतं, ते पुन्हा डिझेलकडे वळताहेत. त्यांचं बरोबर आहे. तरीही प्रत्येकाला आम्ही आधी एकच विचारतो: महिन्याला गाडी किती चालते आणि कुठे चालते?

नव्या इंजिनात काय बदललं

जुन्या डिझेलचा खडखडाट आणि काळा धूर आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. त्यात पंप प्रत्येक नोझलला डिझेल ढकलायचा आणि ते एकदम पेट घ्यायचं, त्याचाच तो आवाज. नव्या इंजिनांत कॉमन रेल ही पद्धत असते, तिच्यात डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली भरलेलं असतं. काही इंजिनांत हा दाब २,००० बारपर्यंत जातो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या आठशे पटींहून जास्त. संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर आधी थोडंसं, मग मुख्य, अशा तुकड्यांत डिझेल फवारतो. त्यामुळे इंजिन शांत चालतं आणि डिझेल पूर्ण जळतं. प्रवासी गाड्यांत ही पद्धत १९९७ पासून आली.

टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्यामुळे, १,५०० ते २,००० आरपीएमलाच भरपूर ताकद मिळते. सात माणसं, सामान आणि एसी चालू अशी गाडी कन्नड घाट किंवा कोंडाईबारी चढताना गिअर सारखा उतरवावा लागत नाही. आपल्याकडच्या लोकांना डिझेल आवडतं त्याचं खरं कारण हेच आहे असं आम्हाला वाटतं, ॲव्हरेज त्यानंतर.

धुराचंही बोलायला हवं. डिझेल कारसाठी काजळीची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ झाली. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० वर आले. डिझेलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणलं. नव्या डिझेल गाडीच्या मागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरत नाहीत, ते यामुळे.

पैशाचा हिशोब

आकडे सोपे धरू, दर बदलले की तुम्ही तुमचे घाला. समजा डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग आहे. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज २०, म्हणजे साडेचार रुपये. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले, तर वरचे सव्वा लाख ५०,००० किलोमीटरला वसूल होतात. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याला तीन वर्षंही लागत नाहीत. महिन्याला ४०० चालणाऱ्याला दहा वर्षं लागतात. अशा ग्राहकाला आम्ही सरळ पेट्रोल घ्या म्हणतो.

डीपीएफचा दिवा

आमच्याकडे येणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सगळ्यात जास्त तक्रार याचीच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाचा एक फिल्टर असतो, त्यात काजळी अडकते. फिल्टर भरत आला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी १५-२० मिनिटं एका लयीत, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज देवपूरहून पाचकंदील आणि परत, एवढंच रनिंग असेल तर हे काम दर वेळी अर्धवट राहतं. मग दिवा लागतो. तो दिसल्यावर लगेच, त्याच दिवशी, गाडी शिरपूरच्या दिशेने हायवेला काढा आणि अर्धा तास चालवून आणा. बहुतेक वेळा दिवा आपोआप जातो. दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद कमी होते आणि खर्च हजारांत जातो.

रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर, ऑईल वाढलेलं दिसलं तर ती चांगली खूण नाही, गाडी घेऊन या. ऑईल टाकताना डीपीएफसाठीचं, कमी राखेचंच टाका. दुसऱ्या ऑईलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही.

"फिल्टर काढूनच टाका" असंही काही जण सांगतात. ते काम आम्ही करत नाही. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जातो.

डीईएफ, म्हणजे ड्रायव्हर मंडळींचा 'युरिया'

धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत जाणारं हे द्रावण म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून भरू नका, हात जोडून सांगतो. त्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, पाण्यात क्षार असतात, आणि दोन्ही मिळून पुढची महागडी यंत्रणा खराब करतात.

दुसरी गोष्ट खास आपल्या हवेची. हे द्रावण ३० अंशांपर्यंत ठेवलं तर साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहाच महिने. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा डिकीत ठेवलेला कॅन लवकर निकामी होतो. लागेल तेवढंच घ्या, तारीख बघून घ्या, घरात सावलीत ठेवा. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होणार नाही.

ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल

केळी-कापसाच्या हंगामात शेतावर ड्रम भरून ठेवलेला असतो. त्यातलं डिझेल कारमध्ये ओतू नका. तळाला पाणी आणि धूळ असते, आणि नव्या इंजेक्टरच्या फटी केसापेक्षाही बारीक असतात. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, त्यातलं पाणी काढून घ्या. एअर फिल्टर मात्र कंपनीच्या मुदतीआधीच तपासून घ्या, आपल्या रस्त्यांवर धूळ फार आहे.

गाडी बुक करण्याआधी महिनाभराचं रनिंग एका कागदावर लिहून आणा, गावातलं वेगळं आणि हायवेचं वेगळं. बसून हिशोब करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.