निरभ्र आकाशाखालचं वादळ

दक्षिण मेक्सिकोच्या वाहाका राज्यात ला वेन्तोसा नावाचं एक छोटं गाव आहे. गावाजवळून महामार्ग जातो आणि हिवाळ्यात त्यावर एक दृश्य वरचेवर दिसतं. रिकामा कंटेनर ट्रेलर रस्त्याच्या कडेला कुशीवर आडवा झालेला, आणि वर लख्ख निळं आकाश. पाऊस नाही, विजा नाहीत, ढगाचा ठिपकाही नाही. वारा मात्र असा की माणसाला सरळ उभं राहता येत नाही. अशा वेळी पोलीस रिकाम्या ट्रेलरना तासन् तास अडवून ठेवतात, कधी रस्ताच बंद करतात.

हे गाव आपल्या विजयदुर्गाच्या अक्षांशावर आहे, म्हणजे पक्क्या उष्ण कटिबंधात. पॅसिफिकचा किनारा जवळच, आणि त्या समुद्राचं पाणी एरवी भर हिवाळ्यातही कोमट असतं. जवळपास कुठे चक्रीवादळ नाही. मग एवढा वारा येतो कुठून?

उत्तर साडेतीन-चार हजार किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या बर्फाळ मैदानांवर आहे. तिथे हिवाळ्यातल्या लांबलचक रात्रींत जमिनीलगतची हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. थंड हवा दाट असते, म्हणून जड असते. हा जड हवेचा साठा पुरेसा वाढला आणि वरच्या थरातल्या वाऱ्यांनी त्याला वाट दिली, की तो दक्षिणेकडे निघतो. त्याची पुढची कड म्हणजे शीत आघाडी. समोरची उबदार हवा हलकी, त्यामुळे थंड हवा तिच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. आघाडीच्या रेषेवर ढग आणि पाऊस दिसतो तो त्या उचललेल्या हवेतला. रेषा पुढे सरकली की मागे कोरडी, थंड हवा आणि निरभ्र आकाश उरतं.

आज कुठल्याही हवामान नकाशावर दिसणारी ही निळ्या दातेरी रेषेची कल्पना शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेतल्या बर्गन शहरात आकाराला आली. पहिल्या महायुद्धामुळे परदेशी निरीक्षणं मिळेनाशी झाली, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस यांनी १९१८ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं विणलं. इतक्या जवळजवळच्या नोंदी हाती आल्यावर त्यांत तापमान आणि वारा एकदम बदलणाऱ्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या. त्यांचा मुलगा याकोब याने १९१९ मध्ये त्याचं चित्र मांडलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

आता उत्तर अमेरिकेच्या भूगोलाकडे पाहू, कारण इथे सगळी मेख आहे. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. ध्रुवीय प्रदेशापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत वाटेत आडवा एकही डोंगर नाही. आपल्याकडे हिमालय पूर्व-पश्चिम उभा आहे, म्हणून सैबेरियाची हवा थेट भारतात उतरू शकत नाही. आपल्याला थंडी मिळते ती पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या मागून येणाऱ्या, त्या मानाने सौम्य हवेची. तीही कोकणापर्यंत पोहोचेतो बरीचशी विरलेली असते. कधीतरी एखादी लाट मात्र नेटाने येते. जानेवारी २०२२ मध्ये अशाच एका विक्षोभामागच्या जोरदार वाऱ्यांनी पाकिस्तानच्या बाजूची धूळ उचलली आणि अरबी समुद्रावरून गुजरात, मुंबईपर्यंत आणली. त्या दिवशी मुंबईत भर दुपारी सूर्य फिकट दिसत होता, दिवसाचं तापमान चांगलंच खाली आलं होतं आणि उभ्या गाड्यांवर पांढुरक्या धुळीचा थर होता. आपल्यासाठी ही बातमी होती. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर मात्र शीत आघाड्या इतक्या नेमाने येतात की तिथला हवामान विभाग दर मोसमात त्यांना क्रमांक देतो. सप्टेंबरात पहिली, आणि मे महिना येईतो आकडा पन्नासच्या आसपास.

या हवेचा दक्षिणेकडचा प्रवास नुसता घरंगळण्याचा नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळू पाहते. दक्षिणेला निघालेल्या हवेची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, आणि पश्चिमेला आधी रॉकीज, मग मेक्सिकोतली सिएरा माद्रे ओरिएन्ताल ही डोंगररांग. त्यामुळे थंड हवा पसरून विरळ होत नाही, डोंगराला चिकटून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकते. ह्यूस्टन ते वेराक्रूझ हे बाराशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर जोरकस आघाडी साधारण एका दिवसात कापते.

या लाटा काय करू शकतात हे टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये पाहिलं. वीज गेली, नळ गोठले, आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार दोनशेहून अधिक माणसं दगावली. किनाऱ्यावरच्या उथळ खाड्यांचं पाणी इतकं गार झालं की हजारो हिरवी समुद्री कासवं बधिर होऊन तरंगू लागली. कासवाचं रक्त थंड. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की त्याचे पाय हलत नाहीत, डोकं वर काढून श्वासही घेता येत नाही. साउथ पाद्रे आयलंडवरच्या स्वयंसेवकांनी ती होड्यांतून उचलून आणली आणि तिथल्या सभागृहाच्या जमिनीवर ओळीने मांडून ठेवली. वारा निवून पाणी कोमट होईपर्यंत ते सभागृह कासवांनी भरलेलं होतं.

वेराक्रूझला या वाऱ्याला नॉर्ते म्हणतात. तो येण्याच्या आदल्या दिवशी बरेचदा दक्षिणेकडून गरम, कोरडा वारा सुटतो, त्याला सुरादा म्हणतात. जाणकार मच्छीमार सुरादा सुटला की होड्या वर ओढू लागतात. मग दिशा काही मिनिटांत उलटते आणि समुद्र खवळतो. स्पॅनिश आरमाराला या बंदराची धास्ती होती. किनाऱ्यासमोरच्या सान हुआन दे उलुआ बेटाच्या भिंतीत त्यांनी मोठाल्या कड्या बसवल्या होत्या आणि जहाजं थेट त्या कड्यांना बांधली जात. १५६८ मध्ये जॉन हॉकिन्स या इंग्रज दर्यावर्दीचा ताफा इथे आसऱ्याला आला होता आणि त्यात तरुण फ्रान्सिस ड्रेकही होता. उत्तरेचा वारा इतका भयंकर की बेटाला नांगर पक्के केल्याशिवाय जहाज वाचायचं नाही, असं हॉकिन्सने लिहून ठेवलं आहे. पुढे त्याची स्पॅनिशांशी लढाई झाली, तिचा वाऱ्याशी संबंध नाही. पण शत्रूच्या भिंतीला जहाज बांधून राहण्याची पाळी त्याच्यावर आणली ती वाऱ्यानेच.

वेराक्रूझच्या पुढे थंड हवेसमोर भिंत उभी राहते. मेक्सिकोच्या दक्षिण भागात आडवे डोंगर आहेत, दीड-दोन हजार मीटर उंचीचे. थंड हवेचा थर साधारण एक-दीड किलोमीटर जाडीचा, त्यामुळे तो डोंगर ओलांडू शकत नाही आणि धरणाच्या पाण्यासारखा मागे तुंबत जातो. या भिंतीत एकच मोठा दरवाजा आहे. तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीवर, जिथे दोन महासागरांत जेमतेम दोनशे किलोमीटर जमीन उरते, तिथे चिवेला नावाची खिंड आहे. रुंदी सुमारे चाळीस किलोमीटर, आणि माथ्याची उंची अवघी सव्वादोनशे मीटर. ला वेन्तोसा या खिंडीच्या दक्षिण तोंडाशी वसलेलं आहे.

अनेक ठिकाणी वाचायला मिळतं की खिंड अरुंद असल्यामुळे हवा दाबली जाते आणि म्हणून वेग वाढतो. हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, पण इथे ते मूळ कारण नाही. ते खरं असतं तर वारा खिंडीच्या सर्वांत चिंचोळ्या जागी सर्वांत जोरात असता आणि पुढे मैदान लागताच मंदावला असता. प्रत्यक्षात वेग खिंडीच्या बाहेर पडताना आणि त्याच्याही पुढे, किनाऱ्यापलीकडे समुद्रावर सर्वाधिक असतो. म्हणजे हवेला कोणीतरी पूर्ण वाटभर ढकलत असतं. ढकलणारं बळ आहे उत्तरेला साठलेल्या हवेचं वजन.

हिशेब अगदी सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १ किलो १६५ ग्रॅम. तीच हवा १५ अंशांवर आली की १ किलो २२५ ग्रॅम. फरक साठ ग्रॅमचा. पण थंड थर एक किलोमीटर जाडीचा असेल, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साठ किलो जादा वजन पडतं. हवामानशास्त्राच्या भाषेत हा सुमारे सहा हेक्टापास्कल जादा दाब झाला. खिंडीच्या उत्तरेला हा जादा दाब, दक्षिणेला पॅसिफिकवरची हलकी, उबदार हवा. एवढ्या फरकाने हवा सरळ रेषेत ढकलली गेली आणि जमिनीचं घर्षण नसलं, तर तिचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर जातो. घर्षण असतंच, म्हणून प्रत्यक्ष वेग बहुधा कमी भरतो. पण थंड थर अधिक जाड किंवा अधिक गार असला की ती तूट भरून निघते. एका घनमीटरमागे साठ ग्रॅम, आणि त्यातून कंटेनर उलटतो.

वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यातून मिळू शकणारी ऊर्जा घनाच्या. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट, ऊर्जा आठपट. म्हणूनच ला वेन्तोसाच्या आसपास आज नजर जाईल तिथे पवनचक्क्या दिसतात. आपल्याकडे पालघाट खिंडीच्या तोंडाशी, कोइमतूरच्या बाजूला पवनचक्क्यांचे पट्टे आहेत. तिथला वारा मान्सूनचा, पण डोंगररांगेतल्या दरवाजाचा नियम तोच.

समुद्रावर पोहोचल्यावर या वाऱ्याला आणखी दोन गोष्टी मिळतात. पाणी सपाट असल्याने घर्षण घटतं. शिवाय गार हवा कोमट पाण्यावर आली की तळापासून तापून वर उसळते आणि तिच्या जागी वरच्या थरातली वेगवान हवा खाली येते. त्यामुळे वारा झोतासारखा शेकडो किलोमीटर आत जातो. खिंडीतून सुटलेल्या हवेला आता बाजूने रेटणारं काही उरलेलं नसतं, म्हणून पृथ्वीच्या परिवलनाने ती हळूहळू उजवीकडे, पश्चिमेला वळते. उपग्रहाच्या चित्रात हा झोत वाकलेल्या पंख्यासारखा उघडलेला दिसतो.

या समुद्रात वरचा उबदार पाण्याचा थर पातळ आहे. वारा तो घुसळून काढतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. दोन-तीन दिवसांत पृष्ठभागाचं तापमान काही अंशांनी, कधी सात-आठ अंशांनीही उतरतं. त्या थंड पाण्याबरोबर खोलवरची पोषक द्रव्यं वर येतात, ऊन भरपूर असतंच, आणि मग वनस्पती प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ इतक्या झपाट्याने होते की उपग्रहातून समुद्राचा तो पट्टा हिरवा दिसतो. प्लवकांमागे लहान मासे, त्यांच्यामागे ट्यूना. झोताच्या बाजूला पाण्याचे प्रचंड भोवरे तयार होतात, ते दोनशे किलोमीटरच्या आसपास रुंद असू शकतात आणि महिनोन् महिने पश्चिमेकडे वाहत राहतात. कॅनडातली गारठलेली हवा अशी उष्ण समुद्रातल्या माशांना खाऊ घालते. माझ्या मते या सगळ्या साखळीतला हा सर्वांत नवलाचा दुवा आहे.

पण तिथल्या मच्छीमारासाठी याच वाऱ्याची एक बाजू फसवी आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावर काही अंतर कापावं लागतं, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी बऱ्यापैकी शांत वाटतं. मोठ्या लाटा उठतात त्या पुढे. लहान होडी किनाऱ्यावरून निघताना काही जाणवत नाही, आणि इंजिन बंद पडलं तर वारा तिला घराकडे नव्हे, खोल समुद्राकडे ओढतो. आकाश निळं असल्याने डोळ्यांना काहीच इशारा मिळत नाही.

म्हणून इथे इशारा दाबाच्या आकड्यांतून काढावा लागतो. आखाताच्या बाजूला कोआत्साकोआल्कोस आणि पॅसिफिकच्या बाजूला सालिना क्रूझ, या दोन बंदरांमधला दाबाचा फरक वाढू लागला की काही तासांत झोत सुटणार हे कळतं. आता संगणकीय प्रारूपं तेच काही दिवस आधी सांगतात. प्रत्यक्ष वेग मात्र बराच काळ नेमका माहीत नव्हता, कारण अशा वाऱ्यात सुज्ञ जहाजं त्या वाटेने जातच नाहीत आणि मोजणार कोण? १९९९ मध्ये अमेरिकेचा क्विकस्कॅट उपग्रह गेला, तेव्हा चित्र बदललं. तो समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडायचा आणि बारीक तरंगांवरून परतणाऱ्या लहरींवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढायचा. त्याच्या नोंदींतून दिसलं की दर हिवाळ्यात इथे पंधरा-वीस वेळा तरी वादळी वारे सुटतात आणि काही वेळा वेग ताशी ११८ किलोमीटरच्या, म्हणजे अतितीव्र चक्रीवादळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. नोव्हेंबर २००९ मध्ये क्विकस्कॅटचं काम थांबलं. त्याआधी दोनच महिने श्रीहरिकोटाहून इस्रोचा ओशनसॅट-२ त्याच तऱ्हेचं उपकरण घेऊन वर गेला होता. पुढची काही वर्षं त्याच्या नोंदी अमेरिकेच्या हवामान तज्ज्ञांनाही वापरायला मिळत होत्या. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचा वारसदार ओशनसॅट-३ कक्षेत गेला, तेव्हा तेहुआंतेपेकच्या वाऱ्यांचा नवा मोसम नुकताच सुरू झालेला होता.