आजोळचा वाडा काउंटर-स्ट्राइकमधे

कॉलेजात असताना काउंटर-स्ट्राइक 1.6 हा बंदुकांचा कॉम्प्युटर गेम सगळेच खेळायचे, पण मला खरं वेड लागलं ते मॅप, म्हणजे ज्यात खेळायचं ती जागा, बनवायला लागल्यावर. हॅमर नावाचा एडिटर फुकट मिळायचा. त्यात चार खिडक्या, एकीत जागा वरून दिसते, दोघींत बाजूने आणि एकीत थ्रीडी, आणि आपण ठोकळे ओढून ओढून भिंती उभ्या करायच्या. माझा पहिला मॅप म्हणजे वाईचा आमच्या आजोळचा वाडा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, माडीवर जायचा अंधारा जिना, सगळं.

मामाने टेप लावून मापं कळवली आणि मी जशीच्या तशी घातली, गेमच्या मापातलं एक युनिट म्हणजे साधारण एक इंच धरतात. आत शिरलो तर वाडा काडेपेटीएवढा! माजघराचं दार अडीच फुटी, म्हणजे 30 युनिट, आणि या गेममधला खेळाडू 32 युनिट रुंद, तो दारातून जाईचना. शिवाय हातात सुरी असली की तो सेकंदाला 250 युनिट पळतो, हिशोब केला तर ताशी जवळजवळ 23 किलोमीटर होतात, म्हणजे आमचा वीस फुटी चौक एका सेकंदाच्या आत पार. मग सगळी मापं दीडपट केली आणि गंमत म्हणजे तेव्हा तो वाडा मला ओळखीचा वाटला. मी तिथे सुट्टीत जायचो तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो, माझ्या डोक्यातला चौक तेवढाच मोठा होता.

पुढची पायरी कम्पाइलची, म्हणजे ठोकळ्यांचा खेळता येईल असा मॅप करायची, आणि तिथे प्रत्येक नवशिक्याला भेटतो तो लीक, म्हणजे गळती. मी चौक वरून उघडाच ठेवला होता, वाड्याला चौक उघडाच असतो ना! पण गेममधलं जग बंद डब्यासारखं लागतं, आकाश म्हणजेसुद्धा आकाशाचं चित्र लावलेलं झाकणच असतं. प्रोग्राम आतल्या एखाद्या वस्तूपासून मोकळ्या जागेतून पसरत जातो, आणि तो पसरत बाहेरच्या पोकळीत पोचला की काम थांबतं, कारण आत काय नि बाहेर काय हेच त्याला ठरवता येत नाही. दिवाळीच्या किल्ल्यातलं तळं गळायला लागलं की आपण चिखल घेऊन भोक शोधत बसतो तसंच हे, फक्त इथे एडिटर एक रेघ काढून दाखवतो की गळती कुठून झाली. ती रेघ धरून जायचं आणि फट बुजवायची. मला यातलं सुख शब्दांत नीट सांगता येत नाही, पण तो एरर गेला त्या रात्री मी जागेवरून उठून नाचलो होतो.

डबा बंद झाला की प्रोग्राम एखाद्या भिंतीच्या पातळीत अख्खी जागा दोन भागांत कापतो, मग ते भाग परत कापतो, असं करत करत एक झाड तयार होतं आणि त्याची पानं म्हणजे मोकळ्या जागेचे छोटे तुकडे. ही पद्धत फुक्स, केडेम आणि नेलर यांनी 1980 मधे मांडली आणि 1993 च्या डूममुळे ती गेममधे गाजली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यातून दुसरा कुठला तुकडा दिसू शकतो हे आधीच मोजून ठेवतात, म्हणजे खेळताना कॉम्प्युटरला फक्त दिसण्यासारखंच चितारावं लागतं. माझ्या वाड्यात सगळ्या खोल्या चौकात उघडणाऱ्या, त्यामुळे सगळ्यांना सगळंच दिसत होतं आणि ही मोजणी रात्रभर चालायची. उपाय सोपा निघाला, वाटेला वळण द्यायचं, की सरळ रेघ आरपार जात नाही. रायगडाच्या महादरवाजाला गोमुखी बांधणी आहे, दोन बुरुजांच्या आड दार लपलेलं, ते समोरून दिसत नाही आणि थेट मारा पण होत नाही. मी देवडीत तसंच वळण घातलं आणि मोजणीचे कितीतरी तास वाचले.

उजेडाचं गणित तर मला सगळ्यात आवडतं. ऊन चौकातल्या फरशीवर पडतं, तिथून उडून ओसरीच्या भिंतीवर जातं, तिथून थोडंसं माजघरात, असं प्रत्येक उडी मोजत मोजत सावल्या तयार होतात. हे तंत्र मुळात उष्णता कशी पसरते हे मोजणाऱ्या इंजिनिअरांचं, 1984 मधे कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी ते चित्रांसाठी वापरलं. माझ्या माजघरात एकही दिवा नव्हता, तरी कम्पाइल झाल्यावर जमिनीवर तो सकाळचा फिकट उजेड आला होता.

आता मुद्दा हा की हे सगळे खोटे ठोकळे, मग आत चालताना आपण खरंच कुठेतरी आहोत असं का वाटतं? मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात काही पेशी असतात ज्या आपण ठराविक जागी असलो की पेटतात, जॉन ओकीफ यांनी त्या 1971 मधे उंदरांत शोधल्या आणि 2014 चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. 2009 मधे प्रिन्स्टनच्या डेव्हिड टँक यांच्या लॅबने एक उंदीर हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर उभा केला, भोवती पडदा लावला आणि त्यावर एक बोळ दाखवला, उंदीर पळेल तसा चेंडू फिरतो आणि बोळ पुढे सरकतो. तो बोळ त्यांनी क्वेक 2 या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, बदलून बनवला होता. काउंटर-स्ट्राइकचं इंजिनही क्वेकवरूनच आलेलं, म्हणजे माझ्या वाड्याच्या घराण्यातलंच! आणि उंदीर जागचा हललेला नसताना त्या पेशी बोळातल्या ठराविक जागी पेटत होत्या.

वाडा पूर्ण झाल्यावर मामेभाऊ आला तेव्हा त्याला खेळायला बसवलं. त्याने बंदूक घेतलीच नाही, सरळ दिंडीतून आत, वळण, चौक, ओसरी, माजघर, कुठेही न अडखळता, आणि जिन्याशेजारच्या कोऱ्या भिंतीपुढे येऊन थांबला. म्हणाला, "दादा, इथे बळद होतं ना रे? आजी त्यात ज्वारी ठेवायची."

मी ते पार विसरलो होतो. तो गेल्यावर भिंत फोडली, बळद बनवलं आणि कम्पाइल लावून झोपलो.